संस्थापकच आधी निघून जातात, तर बाकीच्यांनी कशाच्या जोरावर थांबायचं?

रानजाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी पुण्यात एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत आहे, दहाएक वर्षं झाली. आता बाणेरच्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीची ऑफर हातात आहे. तीसेक माणसं, दोन संस्थापक, हातात येणारा पगार आत्तापेक्षा बराच कमी आणि बाकीची भरपाई ईसॉपमध्ये, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावात घ्यायच्या हक्कात. दोघंही फार मनापासून बोलतात, काम आवडण्यासारखं आहे, मला जायचंय असं मन सांगतंय.

पण २०२५ च्या जुलैमधलं विंडसर्फचं प्रकरण वाचल्यापासून पाय उचलत नाहीये. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एआयच्या मदतीने कोड लिहायचं टूल बनवणारी ही कॅलिफोर्नियातली कंपनी. ओपनएआय ती साधारण ३ अब्ज डॉलरला घेणार अशी चर्चा होती, लोक वाट बघत होते, आणि एका शुक्रवारी कळलं की तो सौदा बारगळला, आणि सीईओ वरुण मोहन, सहसंस्थापक डग्लस चेन आणि मोजके संशोधक गूगलकडे चाललेत. गूगलने कंपनी घेतलीच नाही, तंत्रज्ञानाचं लायसन्स आणि ही माणसं यासाठी साधारण २.४ अब्ज डॉलर मोजले. मागे राहिले अडीचशेच्या आसपास कर्मचारी. ज्यांनी कमी पगार घेऊन रात्री जागवल्या त्यांना त्या शुक्रवारी आपल्या शेअर्सचं काय होणार हेही माहीत नव्हतं.

आपल्याकडे कायम ऐकवतात की हल्लीची पोरं टिकत नाहीत, दर दोन वर्षांनी उड्या मारतात. मग संस्थापकांनी उडी मारली की त्याला काय म्हणायचं? आणि माझा खरा प्रश्न, अशा काळात ईसॉपच्या भरवशावर पगार कमी करून घ्यावा का? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

कोडगा

अजिबात जाऊ नकोस. पगार बँकेत येतो, ईसॉप एक्सेलमध्ये असतात. कंपनीशी नातं महिन्याच्या एक तारखेपुरतं ठेवावं, मी तेच करतो आणि सुखात आहे.

सह्यवेडा

वाचतोय. विषय जिव्हाळ्याचा.

बे_एरियातला_बंडू

रानजाई, विंडसर्फची गोष्ट तू शुक्रवारपाशी थांबवलीस, सोमवारीही बरंच झालं. कॉग्निशन नावाच्या दुसऱ्या स्टार्टअपने उरलेली सगळी कंपनी घेतली आणि जाहीर केलं की प्रत्येक कर्मचाऱ्याला सौद्यात वाटा मिळेल, एक वर्षाची क्लिफची अटही (त्याआधी सोडलं तर काहीच नाही) माफ, व्हेस्टिंग, म्हणजे शेअर्सवर टप्प्याटप्प्याने लागू होणारा हक्क, पूर्ण धरलं जाईल. म्हणजे जे संस्थापकांनी केलं नाही ते बाहेरच्याने केलं. अर्थात तीनेक आठवड्यांत त्याच कॉग्निशनने तिथल्या ३० जणांना काढलं आणि बाकीच्यांना नऊ महिन्यांचा पगार घेऊन बाहेर पडायचा पर्याय दिला, त्यांचं म्हणणं, आमच्याकडे आठवड्याला ८० तासांच्या वर काम चालतं, झेपत असेल तर रहा.

इथे सिलिकॉन व्हॅलीत यावर खूप गदारोळ झाला. विनोद खोसलांनी (जन्म पुण्याचा बरं का) उघडपणे लिहिलं की टीमला मागे टाकून जाणाऱ्या अशा संस्थापकांबरोबर मी पुन्हा काम करणार नाही. गुंतवणूकदाराने हे जाहीरपणे बोलणं इथे फार दुर्मिळ आहे.

अशा सौद्यांचं पेव का फुटलं तेही सांगतो. सरळ कंपनी विकत घेतली तर स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते, त्यात वर्ष जातं आणि शेवटी नकारही येऊ शकतो. अ‍ॅडोबी फिग्माला २० अब्ज डॉलरला घेणार होती, युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी इतकं ताणलं की डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला आणि अ‍ॅडोबीला १ अब्ज डॉलर भरपाई द्यावी लागली. मग पळवाट निघाली, कंपनी घ्यायचीच नाही, माणसं घ्यायची आणि तंत्रज्ञानाचं लायसन्स घ्यायचं. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इन्फ्लेक्शन या एआय कंपनीचे सहसंस्थापक मुस्तफा सुलेमान असेच नेले, त्याच जूनमध्ये अ‍ॅमेझॉनने अ‍ॅडेप्टचे लोक नेले, ऑगस्टमध्ये गूगलने कॅरेक्टर एआयचे नोम शझीर परत आणले.

पण सगळे सौदे एका मापाने मोजू नका. कॅरेक्टर एआयमध्ये कर्मचाऱ्यांच्या शेअर्सचेही पैसे दिले गेले. मेटाने जून २०२५ मध्ये स्केल एआयचा ४९ टक्के हिस्सा १४.३ अब्ज डॉलरला घेतला आणि संस्थापक अलेक्झांडर वँगला नेलं, तेव्हा व्हेस्ट झालेले शेअर्स ज्यांच्याकडे होते त्यांना पैसे मिळाले. महिन्याभरात तिथून २०० जणांना काढलं हेही खरं. म्हणजे निघून जाणारा संस्थापक जाता जाता काय ठरवतो यावर सगळं अवलंबून, आणि तो त्याचा निर्णय असतो, बाजाराचा नाही. बाजारावर ढकलू नये.

चिंचवडकर

मी तुमच्या क्षेत्रातला नाही. पिंपरीच्या मोटारीच्या कारखान्यात लागलो तो रिटायर होऊनच बाहेर पडलो. मुलगी आयटीत आहे म्हणून हे धागे वाचतो. कोडगा यांचं 'एक तारखेपुरतं नातं' वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितो.

आमच्या पिढीच्या निष्ठेबद्दल फार गोड गोड बोललं जातं. मला कंपनीबद्दल प्रेम होतं, आजही आहे, रस्त्यात आमची गाडी दिसली की मी वळून बघतो. पण त्या प्रेमाखाली कागद होता. दर तीन-चार वर्षांनी युनियनचा वेतन करार व्हायचा, महिनोन् महिने बोलणी चालायची, गेट मीटिंगा व्हायच्या, कधी काम बंद. करार झाला की त्यात बोनस, कँटीन, बस, मेडिकल, प्रमोशन, सगळं लिहिलेलं. काढायचं झालं तर चार्जशीट, चौकशी, मग लेबर कोर्ट. मालक बदलला तरी करार तसाच राहायचा. वरचा साहेब चांगला असो नाहीतर वाईट असो, त्याने मला काल काय आश्वासन दिलं यावर माझं घर चालत नव्हतं. म्हणून तर जीव लावता आला.

तुमच्याकडे जीव आधी लावायला सांगतात आणि कागद नंतर दाखवतात. माझ्या मुलीने अपॉइंटमेंट लेटर मला दाखवलं तेव्हा मी विचारलं की यात तुला काय मिळणार ते एका पानात आणि तू काय करायचं नाही ते सहा पानांत का?

रानजाई

चिंचवडकर काका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खाली कागद होता हे आमच्याकडे कुणी सांगतच नाही. अजून लिहा ना.

सांजसखी

मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, आमची बाजू पण ऐका. २०२१-२२ मध्ये आम्ही काय भोगलंय ते आम्हालाच माहीत. एकेका उमेदवाराकडे चार-चार ऑफर, होकार देणार, लॅपटॉप पाठवा म्हणणार आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. इन्फोसिससारख्या कंपनीत २०२२ च्या जानेवारी ते मार्च तिमाहीत अ‍ॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २७.७ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे वर्षात चारातला एक जाणार असा वेग. त्या वेळी निष्ठेचे धागे कुणी काढले नाहीत, तेव्हा सगळे पन्नास टक्के हाइक मोजत होते.

पण मी आतून बघितलंय म्हणून हेही लिहिते, की हा खेळ कंपन्यांनीच शिकवला. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ठेवला की तीन महिने तो माणूस दुसऱ्या ऑफरा गोळा करणारच. आतल्याला आठ टक्के वाढ आणि त्याच खुर्चीवर बाहेरून येणाऱ्याला चाळीस टक्के जास्त, हे हिशेब माझ्याच शीटमध्ये असायचे. जो थांबला तोच स्वस्तात पडला. मग पुढच्याने थांबावं कशाला?

नर्मदाकाठ

+१ सांजसखी. फ्रेशरचा पगार घ्या. माझा मोठा भाऊ २०१० च्या सुमाराला सर्व्हिस कंपनीत लागला तेव्हा तीन-सव्वातीन लाख, धाकटी बहीण आत्ता लागली तर साडेतीनच्या आसपास. हिंजवडीतल्या वन बीएचकेचं भाडं मधल्या काळात कुठल्या कुठे गेलं. तिला ऑफर लेटर मिळून जॉइनिंगची तारीख येईपर्यंत घरात बसून काढलेले महिने आठवले की अजून राग येतो. तेवढा काळ ती कंपनीशी एकनिष्ठच होती की, दुसरीकडे अर्जही केला नाही.

खानदेशी_मांडे

इथे संस्थापकांना झोडपायचं चाललंय म्हणून एका संस्थापकाने लिहायला हवं. माझी नाशिकला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, कारखान्यांना लागणारं स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर करतो. गुंतवणूकदार नाही, सगळं स्वतःचं आणि बँकेचं. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाइकांची बिलं अडकली तेव्हा मी आणि पार्टनरने स्वतःचा पगार बंद केला पण एकाही पोराला काढलं नाही, कुणाचा पगारही कापला नाही. बायकोचे दागिने गहाण होते.

सगळं रुळावर आलं आणि आमचे दोन सगळ्यात जुने डेव्हलपर एकाच आठवड्यात गेले, आणि जाताना सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घेऊन गेले. ज्यांना कॉलेजमधून आल्यावर शिकवलं, एकाच्या लग्नात मी मांडवात पाहुण्यांना वाढत होतो. पगारासाठी गेले असते तर मी पेढे दिले असते. पण तोंडावर एक शब्द न बोलता केलं.

त्यानंतर मी नव्या पोरांशी पूर्वीसारखा बोलू शकत नाही. कोड कुणाकडे किती आहे, कोण गिऱ्हाइकाशी बोलतंय, यावर लक्ष ठेवतो. मला असा मालक व्हायचं नव्हतं.

सह्यवेडा

मांडे, वाचून गलबललं. तुमच्यासारखे फार कमी आहेत.

कोडगा

मांडे, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच, गिऱ्हाईक चोरणं वेगळं आणि नोकरी सोडणं वेगळं. पण तुम्ही सगळे म्हणताय तशी जुनी निष्ठा असती तर हा उद्योगच उभा राहिला नसता. १९५७ मध्ये विल्यम शॉक्लीच्या कंपनीतले आठ जण एकदम बाहेर पडले, त्यांना तिथे 'गद्दार आठ' म्हणतात, आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यातल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये तिथूनही बाहेर पडून इंटेल काढली. आणखी एक, यूजीन क्लायनर, त्यांच्या नावाने क्लायनर पर्किन्स ही गुंतवणूक कंपनी आहे. शॉक्लीला नोबेल होतं पण माणसांशी वागता येत नव्हतं. त्या आठांनी निष्ठा दाखवून तिथेच कुढत बसायला हवं होतं का?

बे_एरियातला_बंडू

कोडगा, उदाहरण बरोबर आहे पण ते तुझ्या विरुद्ध जातं रे. आठ जण एकत्र गेले, कारण त्यांना एकमेकांबरोबर काम सोडायचं नव्हतं. साहेबाला सोडलं, सोबत्यांना नाही. विंडसर्फमध्ये नेमकं उलटं झालं. मला तर फरक एवढाच दिसतो की जाताना तुम्ही कुणाला तोंड दाखवू शकता.

आणि दुसरं उदाहरण जवळच पालो आल्टोचं. १९७० च्या मंदीत ह्यूलेट-पॅकार्डकडे ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा माणसं काढायची वेळ आली होती. त्यांनी काय केलं, तर दर पंधरवड्यात एक दिवस सुट्टी आणि १० टक्के पगार कमी. आणि ते वरच्या साहेबापासून. काही महिन्यांनी धंदा सुधारला, सगळे पूर्ण पगारावर. आयबीएममध्येही १९९३ पर्यंत कपात न करण्याची परंपरा होती. म्हणजे हे करता येतं, केलेलं आहे, तेही याच धंद्यात.

उत्तरेचा_वारा

मी टेक्सासमध्ये एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. २०२३ च्या सुरुवातीच्या कपातीत माझं नाव होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही. सकाळी बॅज चालेना म्हणून मी रिसेप्शनवर उभा राहून मॅनेजरला फोन करत होतो, त्याचाही लागेना कारण त्यालाही काढलं होतं. इथे नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा, मुलं शाळेत, घराचा लीज.

एक मात्र लिहायचंय. त्या दिवसांत मला नोकरी कुणी लावून दिली? जुन्या टीममधल्या एका मराठी मुलीने, जिच्याबरोबर मी पूर्वी एक रिलीज वाचवण्यासाठी रात्री बसलो होतो. तिने स्वतःच्या मॅनेजरकडे रोज पाठपुरावा केला. कंपन्या येतात जातात, ती माझी बहीण झाली आहे. कोडगा म्हणतात तसं एक तारखेपुरतंच नातं ठेवलं असतं तर मी आज जळगावला परत असतो.

कोडगा

वारा, हे मान्य. माणसांशी ठेवावं, याला माझा विरोध कधीच नव्हता.

चिंचवडकर

रानजाई, तुम्ही अजून लिहा म्हणालात. आम्हाला पंचवीस वर्षांनी घड्याळ मिळालं. सोहळ्याला मिसेसला बोलावलं होतं, वर्क्स मॅनेजर तिच्याशी बोलले, "तुमच्यामुळे आमची दुसरी शिफ्ट वेळेवर सुरू व्हायची" म्हणाले. ती अजून ते वाक्य सांगते. मुलीच्या कंपनीत पाच वर्षांचं सर्टिफिकेट ईमेलने येतं, नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

अ‍ॅडव्होकेट_सायली_नव्हे

उशिरा आले. थोडं कायद्याचं, कारण मांडे आणि रानजाई दोघांनाही लागेल.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल. कॅलिफोर्नियाचा असाच नियमही १८७२ चाच आहे, आणि बंडू म्हणतात त्या व्हॅलीत माणसं इतकी मोकळेपणाने फिरली याचं ते एक मोठं कारण मानलं जातं. पण नोकरी चालू असतानाच्या अटी वेगळ्या. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख रुपये ही अट वैध धरली. म्हणजे बाँडवर सही करताना 'हे कोर्टात टिकत नसतं' असं कुणी सांगितलं तर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आणि मांडे, गिऱ्हाइकांची गोपनीय माहिती नेणं याला कलम २७ चं संरक्षण नाही, तुमच्या वकिलाला जरूर भेटा.

माणसांच्या जाण्यावर कंपन्यांनी गुपचूप कुंपण घातल्याचाही इतिहास आहे. अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी यांनी एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं आपसात ठरवल्याचा आरोप झाला, कर्मचाऱ्यांनी दावा लावला आणि २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. कर्मचाऱ्याला निष्ठा शिकवताना हेही लक्षात ठेवावं.

खानदेशी_मांडे

धन्यवाद ताई, वकिलांना भेटतो.

सह्यवेडा

अवांतर: टीसीएसने जुलै २०२५ मध्ये २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं सांगितलं तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस कुणी लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नव्हतं. टाटांच्या घरात असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मुलीसाठी स्थळ बघताना 'टीसीएसमध्ये आहे' एवढं पुरायचं. पूर्वी सरकारी जावई, मग टीसीएसचा जावई, आता लोक थेट मुलाचा स्वभाव विचारायला लागलेत, हे एक बरं झालं :)

सांजसखी

सह्यवेडा :D पण विषयावर या. रानजाईला उत्तर हवंय.

रानजाई, ईसॉपबद्दल विचारायच्या गोष्टी सांगते, मी ऑफर लेटर बनवते त्यामुळे कुठे लपतं ते माहितीये. किती ईसॉप देतायत हा आकडा निरर्थक, कंपनीचे एकूण शेअर्स किती ते विचार आणि टक्के काढ. एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर तुला कितीला विकत घ्यावा लागेल, ते विचार. सोडल्यावर किती दिवसांत विकत घ्यावे लागतील ते विचार, पुष्कळ ठिकाणी नव्वद दिवस असतात आणि तेवढ्यात पैसे उभे करणं जमत नाही, मग गेलेच. आपल्याकडे एक्सरसाइज करतानाच पगारासारखा कर लागतो, शेअर विकला नसला तरी. २०२० च्या बजेटपासून ठरावीक पात्र स्टार्टअपना तो पुढे ढकलायची सवलत आहे, पण नोकरी सोडलीस की तो भरावाच लागतो. आणि गुंतवणूकदारांना आधी किती मिळणार तेही विचार, कंपनी कमी भावात विकली तर त्यांचं भागून तुमच्यापर्यंत काहीच येत नाही.

ईसॉपने खरंच भलं झालेलं पण आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स अमेरिकेत लिस्ट झाली तेव्हा पाचशेवर कर्मचारी कोट्यधीश झाले. फोनपे वेगळी झाल्यावर फ्लिपकार्टने आपल्या लोकांना ७० कोटी डॉलर रोखीत दिले. जिथे वरच्यांनी ठरवलं तिथे मिळालं.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. काल दोन्ही संस्थापकांना भेटले, सांजसखीचे प्रश्न घेऊनच. एकूण शेअर्सचा आकडा लगेच सांगितला, गुंतवणूकदारांच्या अटी दाखवल्या, सोडल्यावरची मुदत नव्वद दिवसांची एक वर्ष करायला तयार झाले. मग चिंचवडकर काकांचं आठवून विचारलं की उद्या तुम्हा दोघांनाच कुणी मोठ्याने नेलं तर आमचं काय, ते कागदावर लिहाल का. एकजण थोडा दुखावला, म्हणाला आमच्यावर विश्वास नाही का. दुसरी म्हणाली, बरोबर विचारतेय ती, लिहूया. त्यांनी सुचवलेलं कलम असं आहे की कंपनीची मालकी बदलली तर सगळ्यांचं उरलेलं व्हेस्टिंग त्याच दिवशी पूर्ण होईल, फक्त माझं नाही, तीसही जणांचं.

मी बहुतेक जातेय.

अ‍ॅडव्होकेट_सायली_नव्हे

थांब, सही करू नकोस अजून. 'मालकी बदलली तर' एवढंच लिहिलं असेल तर विंडसर्फसारख्या सौद्यात ते कलम लागूच होणार नाही. तिथे मालकी बदललीच नव्हती, लायसन्स दिलं आणि माणसं गेली. त्यांना सांग की कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञानाचं लायसन्स देऊन त्याच सौद्यात संस्थापक बाहेर पडले तरीही हे लागू, असं स्पष्ट लिहा. आणि लायसन्सच्या पैशातला वाटा शेअरहोल्डरना कसा मिळेल तेही, नाहीतर व्हेस्टिंग पूर्ण होईल आणि हातात रिकाम्या कंपनीचे शेअर राहतील. मजकूर मला मेसेज कर, बघून देते.

खानदेशी_मांडे

ताई, ते कलम इथेही टाका शक्य असेल तर. माझ्या पोरांच्या कागदात पण घालतो म्हणतो.

रानजाई

केलाय मेसेज. दुखावलेल्या संस्थापकालाही हा धागा वाचायला पाठवलाय, मांडेंची पोस्ट त्याने वाचावी असं फार वाटतं.